सिस्टीममध्ये एकच दिसतंय

माझं टक्कल एकदा राजगडानं गिळलं होतं. झालं असं, की पाठीमागं हिरवं कापड लावलं की त्या कापडाच्या जागी संगणक आपल्याला हवं ते चित्र दाखवतो. मी राजगडाचं निवडलं होतं. पण कापडाची हिरवी झाक माझ्या डोक्यावर अशी काही उतरली, की कापड कुठं संपतं आणि मास्तर कुठं सुरू होतो ते यंत्राला कळेना. चाळीस शाळांतल्या पोरांना त्या दिवशी बालेकिल्ल्यापुढं तरंगणारा एक चष्मा आणि त्याखाली मिशा, एवढेच गुरुजी दिसले. तास संपल्यावर मोरगावच्या एका बाईंचा निरोप आला, "सर, आज तुम्ही आला होतात का?"

त्याआधीच्या आठवड्यात मी अफजलखानाची भेट माइक बंद ठेवून शिकवली होती. पूर्ण चाळीस मिनिटं. मिठी, कट्यार, वाघनखं, सगळं हातवाऱ्यांसकट. त्याच बाईंचा निरोप होता, "अभिनय उत्तम. आवाज कधी येणार?"

हे हसण्यावारी नेता येतं, म्हणून आधी सांगून टाकलं. आता जे नेता येत नाही ते सांगतो.

बत्तीस वर्षं इंदापूर तालुक्यातल्या हायस्कुलात इतिहास शिकवून मी निवृत्त झालो. घरी बसून बायकोला मराठ्यांचा इतिहास सांगण्याचा प्रयोग दोन आठवड्यांत फसला. "तुमच्या लढाया संपल्या की दळण आणा," म्हणाली. तेवढ्यात बारामतीच्या एका संस्थेचं बोलावणं आलं. एमआयडीसीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली, ते हिरवं कापड, एक गोल दिवा, समोर संगणक. दर शुक्रवारी अकरा वाजता मी तिसरी-चौथीच्या पोरांना महाराष्ट्राचा इतिहास शिकवायचा आणि बारामती-इंदापुरातल्या चाळीस शाळांनी तो त्याच वेळी आपापल्या पडद्यावर बघायचा. नाव होतं 'थेट तास'.

लोकांना वाटतं, यात काय, टीव्हीवर बोलल्यासारखं बोलायचं. तसं नसतं. वर्गात मास्तर पाठीनं ऐकतो. फळ्यावर लिहिताना मागं कोण कुणाची चिंच खातोय, कुणाला कळलंय आणि कोण नुसती मान हलवतोय, ते पाठीला बरोबर समजतं. इथं समोर शाळेमागं एक अशा चाळीस चौकटी, एकेक पोस्टाच्या तिकिटाएवढी. सगळ्यांचे माइक बंद, कारण चाळीस शाळांचे पंखे, घंटा आणि मधल्या सुटीचे गलके एकत्र आले तर तानाजीचीही आरोळी ऐकू जायची नाही. मी विनोद केला की पुढं शांतता. विहिरीत दगड टाकला तर निदान डुबुक तरी होतं.

बदल्यात माझ्या हातात दोन अस्त्रं होती. एका बटणात सगळ्यांची तोंडं बंद करायची आणि दुसऱ्या बटणात नको त्याला वर्गाबाहेर काढायचं. बत्तीस वर्षं छडी घेऊन जे जमलं नाही ते एका बोटानं होत होतं. मी जरा माजलोच होतो, हे कबूल करतो.

हजेरी घ्यायची नसे. ती यंत्र स्वतःच घेई. तासाला किती यंत्रं जोडली गेली ते मोजायचं आणि तितके विद्यार्थी धरायचे. मोठ्या शाळांत पोरागणिक टॅब, तिथं चाळीसला चाळीस. नुकताच नवा नियम निघाला होता, तीनदा दहाच्या खाली हजेरी गेली, की शाळा यादीतून बाद. आणि यादीतल्या शाळांची डिसेंबरात शिवनेरीला सहल. हा नियम ज्या बैठकीत सांगितला गेला तिथं मीही मान डोलावली होती. बिस्किटं चांगली होती.

त्या शुक्रवारी पन्हाळ्याचा वेढा होता. माझ्याकडं एक नवा लाल बाण आला होता. तो नकाशावर हवा तसा फिरवता येई. त्या बाणाचा मला कोण अभिमान! "हे बघा, इथून महाराज निघाले. इकडून असे खाली उतरले. आणि इथं, या इथं, बाजीप्रभू उभे राहिले."

"हितं म्हंजी कुटं, सर?"

कुणाचा तरी आवाज आला. सुरुवातीच्या नमस्कारासाठी उघडलेले माइक मी परत बंद करायला विसरलो होतो. मी दुर्लक्ष करून बाण पुढं सरकवला.

"सर, इकडून म्हंजी कुनीकडून?"

मी थांबलो. पुन्हा तोच आवाज, जरा चिडून, "सर, तुमी नुसतं हितं हितं म्हंताय!"

चौकट शोधली. काळी ठिक्कर. खाली शाळेच्या नावाऐवजी लिहिलेलं, 'भैरवनाथ मोटार रिवायंडिंग'. आमच्याकडं बोअरची किंवा विहिरीची मोटार जळाली की तिच्या तारांची गुंडाळी नव्यानं भरून देणारी दुकानं गावोगाव आहेत, तसलं एक. कुणीतरी टवाळ दुकानात बसून वर्गात घुसलाय, अशी माझी खात्री झाली.

"भैरवनाथवाले," मी म्हणालो, "जळालेली मोटार घेऊन नंतर या. इथं इतिहास चाललाय."

आणि हसू फुटलं. माइक उघडे होते ना! चाळीस शाळा एकदम हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा मला पोरांचं हसणं ऐकू आलं. त्या हसण्यानं मला अशी काही चढली, की त्याच तोऱ्यात मी 'काढून टाका' हे बटण दाबलं. चौकट गेली. पोरं आणखी हसली.

घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "आवाज कुणाचा होता?"

"पोरीचा. असेल आठ-नऊ वर्षांची."

"मग शुक्रवारी अकरा वाजता आठ-नऊ वर्षांची पोरगी मोटारीच्या दुकानात बसून बाजीप्रभूंचा पत्ता विचारते, याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

मला त्या दिवशी खरंच काही वाटलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी ती चौकट आली नाही, तेव्हाही नाही. त्यानंतरच्या आठवड्यात बाद झालेल्या शाळांची यादी आली. त्यात डाळजजवळच्या एका वस्तीशाळेचं नाव आणि पुढं कारण: 'उपस्थिती १. बाहेरील व्यक्तीचा शिरकाव.' त्याच दुपारी फोन वाजला.

"गुरुजी, डाळजवरनं बाळू बोलतोय. भैरवनाथ मोटार रिवायंडिंग."

मी हातातली यादी खाली ठेवली.

"माज्या दुकानाची तुमी चाळीस शाळांत जाहिरात केली. आभार मानावं म्हटलं."

"अहो, माझा गैरसमज..."

"ऱ्हाऊ द्या वो. फोन माजा हाय, नाव दुकानाचं हाय, शाळंतली सतरा पोरं त्याच्यापुढं बसत्यात, पर बोलत हुती माजी पोरगी. तनुजा. चौथीत हाय. पंधरा दिस झालं, शाळंत तोंडातनं शब्द काढीना. पोरं म्हंत्यात, तुज्यामुळं शिवनेरी गेली. जळल्याली मोटार म्या नीट करतो गुरुजी. हिला कशी नीट करायची तेवढं तुमी सांगा."

मी तडक बारामती गाठली. तिथले समन्वयक पुण्याचे, तरुण, अतिशय नम्र. रागवायला कुठं धरावं कळणार नाही इतके नम्र.

"मी चेक केलं, सर. सिस्टीममध्ये एकच दिसतंय."

"अहो, एका फोनपुढं आख्खा वर्ग बसला होता. सतरा मुलं आहेत त्या वर्गात."

"असतील ना, सर. पण सिस्टीममध्ये एकच दिसतंय."

"मी सांगतो ना सतरा!"

"तुम्ही पाहिलीत का, सर?"

अंगाचा तिळपापड झाला. जास्त यासाठी झाला, की मी पाहिली नव्हती. वर्षभर शिकवत होतो आणि त्या वस्तीवरच्या एकाही पोराचं तोंड मला माहीत नव्हतं. शिवाय पुरावा दाखवा म्हणायला पोरांना बत्तीस वर्षं मीच शिकवलं होतं. पण मी शिकवलेला पुरावा म्हणजे माणसानं जाऊन, बघून, विचारून आणलेला. कुणी न जाता, न बघता यंत्रानं काढलेला आकडा पुरावा ठरवायचा आणि हाडामांसाची सतरा पोरं अफवा ठरवायची, हा कुठला न्याय? एखाद्या सरदारानं जहागिरीतली माणसं अशी मोजली असती, तर आपण पुस्तकात त्याला मूर्ख म्हटलं असतं आणि पोरांना त्यावर दोन गुणांचा प्रश्न विचारला असता.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं डाळजला उतरलो. हमरस्त्यालगत बाळूचं दुकान, दारात मोटारींची रास. बाळू दिसायला मोटारीसारखाच, आखूड आणि घट्ट. काही न बोलता त्यानं मला गाडीवर मागं घेतलं आणि उसातल्या वाटेनं वस्तीवर नेलं.

दोन खोल्यांची शाळा. रूपाली मॅडम पुढं आल्या. कपाटावर मोठा टीव्ही, त्याच्यावर भरतकामाचं झाकण, झाकणावर दसऱ्याचा वाळलेला हार. "लोकांनी वर्गणी काढून दिला होता, सर," मॅडम म्हणाल्या. "दोन महिन्यांत व्होल्टेजनं गेला. माझ्या फोनला इथं रेंज नाही. बाळूभाऊंच्या फोनला येते, म्हणून शुक्रवारी तो इथं ठेवतात."

म्हणजे शुक्रवारी अकरा ते बारा कुणाचीही मोटार जळो, भैरवनाथला कळत नव्हतं. आणि मी त्याला जळालेली मोटार घेऊन या म्हणालो होतो.

"पण एवढ्याशा पडद्यावर सतरा जणांना दिसतं कसं?"

"दिसत नाही, सर. आम्ही ऐकतो."

मॅडमनी खिचडीचं मोठं पातेलं आणलं, मधोमध ठेवलं आणि फोन त्यात उभा केला. पातेल्यात आवाज घुमतो, चारी बाजूंना जातो. भोवती गोल करून पोरं बसतात. दर शुक्रवारी एकाची पाळी. तो पातेल्याशेजारी बसायचा. बाकीच्यांनी शंका त्याच्या कानात सांगायची आणि सगळ्यांच्या वतीनं त्यानं एकट्यानं विचारायची. त्याला 'बोलणारा' म्हणायचे. मी माइक बंद ठेवत असल्यानं त्याचा आवाज मला त्या एकाच शुक्रवारी ऐकू आला होता. चौकट काळी का होती ते मला आत्ता कळलं. वर्षभर मी एका पातेल्याला नकाशे दाखवत होतो, आणि शेवटी तर लाल बाणही.

म्हणजे तो प्रश्न तनुजाचा एकटीचा नव्हताच. सतरा जणांचा होता. पाळी तेवढी तिची होती.

मग मॅडमनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथं जमिनीवर महाराष्ट्र होता. चुन्याच्या रेघेनं आखलेला, आठ पावलं लांब. बोअरमधल्या जुन्या केबलच्या नद्या. मोटारींच्या रिकाम्या डब्यांचे किल्ले, डब्यावर खडूनं नाव. आणि भिंतीकडेला दगडांची एक ओळ. प्रत्येक दगडाखाली कागदाची चिठ्ठी. मी एक उचलली. 'बाजीप्रभू उभे राहिले ते इथं.' दुसरी: 'महाराज खाली उतरले ते इकडून.' तिसरी: 'नदी ओलांडली ती या इथं.'

"हे काय?"

"तुमचे 'इथं', सर," मॅडम म्हणाल्या. "जागा कळली की नकाशावर ठेवायचे. तुम्ही सांगाल म्हणून थांबलोय."

वीस-बावीस दगड होते. माझ्या वर्षभराच्या शिकवण्याचं मोजमाप तिथं भिंतीला टेकून उभं होतं.

मी पोरांना बोलावलं आणि सांगितलं, की चूक माझी होती, तनुजाची नव्हती. प्रश्न बरोबर होता, मास्तर आंधळा होता. "तनुजा, आता विचार. आज मी नीट सांगतो."

दोन वेण्यांची, ढोपर फुटलेली पोरगी खांबाआड उभी होती. तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. बोलली नाही.

"ती आता इचारत न्हाय, सर," एक पोरगी म्हणाली. "तिनं पाळीबी सोडली."

दुपारभर आम्ही दगड लावले. प्रत्येक 'इथं'ची दिशा सांगायची, अंतर सांगायचं. पन्हाळा ते विशाळगड किती, तर डाळज ते इंदापूरच्या साधारण दुप्पट, तेही पायी, पावसात, चिखलात. पोरांनी आ वासला. इंदापूरचा रस्ता त्यांना ठाऊक होता. अडलं ते खिंडीपाशी. आमचा मुलूख सपाट. डोंगर म्हणजे काय तेच जिथं चित्रात बघायचं, तिथं खिंड कशी सांगायची? मी हातवारे करत होतो. तेवढ्यात तनुजा उठली, मोटारीचे दोन उंच डबे आणून एकमेकांशेजारी उभे केले, मधे बोटभर फट ठेवली आणि त्या फटीत आपलं बोट उभं धरलं. माझ्याकडं बघितलं. तोंड मिटलेलंच.

"हेच," मी म्हणालो. "अगदी हेच."

पुढच्या शुक्रवारी मी बारामतीला गेलोच नाही. बाळूच्या फोनवरून, वस्तीच्या अंगणातून तास घेतला. चाळीस शाळांपुढं माझ्या नावाच्या जागी झळकत होतं 'भैरवनाथ मोटार रिवायंडिंग', आणि समन्वयकांनी मला काढून टाकू नये म्हणून मला आधी फोन करावा लागला. फोन जमिनीकडं धरला. एकेक पोर नकाशावर उभं राहून सांगत गेलं. तनुजा काठीनं जागा दाखवत होती, बोलत नव्हती. माइक मी मुद्दाम उघडे ठेवले होते. गलका झाला, घंटा वाजल्या, कुठं तरी शेळीही ओरडली. आणि मोरगावच्या बाई म्हणाल्या, "सर, ते 'इथं' म्हणजे कुठं, हे आमच्या पोरांना आज कळलं. वर्षभर विचारायचं होतं. पण आमचं तोंड बंद होतं ना!"

पाठोपाठ दुसरी शाळा. तिसरी. टॅबवाल्यासुद्धा. वर्षभर चाळीस शाळा माझ्यापुढं गप्प बसल्या होत्या आणि मी त्याला शिस्त समजत होतो.

'ठरलेल्या जागेबाहेरून तास घेतल्याबद्दल' मला पत्र आलं. नव्या वर्षी माझी गरज नसल्याचंही त्यातच नम्रपणे लिहिलं होतं. त्याचं फारसं वाटलं नाही. पण बऱ्याच शाळांच्या शिक्षकांनी संस्थेला लिहिल्यामुळं वस्तीशाळा यादीत परत आली, तीही कशी, तर 'विशेष बाब म्हणून'. पोरांनी नियमानं पातेल्याभोवती बसून इतिहास ऐकला, ही म्हणे विशेष बाब!

डिसेंबरात सकाळी सातला डाळजच्या थांब्यावर सतरा पोरं उभी होती. कानटोप्या, डबे, नवे बूट. मी नुसता निरोप द्यायला गेलो होतो. बस आली. समन्वयक टॅब घेऊन खाली उतरले, नेहमीसारखेच नम्र.

"वस्तीशाळा ना? तुमची एक सीट आहे."

मॅडमना वाटलं, थट्टा करताहेत. "एक?"

"सीट्स हजेरीवरून आपोआप अलॉट होतात, मॅडम. तुमची हजेरी..." त्यांनी टॅब फिरवून दाखवला. "एकच दिसतेय."

"मंग बाकीच्या सोळांनी टपावर बसायचं व्हय?" बाळू पुढं सरकला.

"आधी कळवलं असतंत तर काही करता आलं असतं. आता सिस्टीममध्ये एक आहे, मी काय करू?"

बस अर्धी रिकामी होती. काचेतून मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. माझ्या तोंडात बत्तीस वर्षांचा दारूगोळा भरला होता. मी तोंड उघडलं.

आणि मिटलं. कारण दोन वेण्या माझ्या पुढून गेल्या. तनुजा समन्वयकांपुढं जाऊन उभी राहिली, मान वर करून.

"सर," ती म्हणाली, "एक म्हंजी किती?"

"एक म्हणजे... एक, बाळा."

"आमी सतराजण एका फोनवर बसतो. मंग एक म्हंजी किती?"

त्यांनी टॅबकडं बघितलं. पोरांकडं बघितलं.

"सर, तुमी नुसतं एक एक म्हंताय!"

ड्रायव्हर इतका वेळ मिशीला पीळ देत ऐकत होता. त्यानं हात लांब करून दार सताड उघडलं. "चढा रं," म्हणाला, "शिवनेरी काय तिकडून हिकडं यायची न्हाय." समन्वयक बाजूला झाले. टॅब त्यांनी काखेत धरला होता. तनुजा दारापाशी उभी राहून एकेकाला आत सोडत होती आणि मोजत होती, मोठ्यानं. सतरावी ती स्वतः.

संध्याकाळी मी घरी दळण आणून ठेवत होतो, तेव्हा बाळूचा फोन आला.

"गुरुजी, आत्ता मॅडमचा फोन आल्ता. परत निघाल्यात. गडावर म्हाईती सांगनारा माणूस म्हनं हात जोडून म्हटला, ह्या पोरीला कुनीतरी आवरा."

"का? काय केलं?"

"काय करतीय. मोटार चालू झालीय," बाळू म्हणाला. "आता बंद हुईना."